चिमटा कुणी काढला

तुम्ही आमच्या अख्ख्या गावाला खोटं ठरवलंत, आणि तेही एकवचनात.

लाल अक्षरांत लिहिलंत: 'तपासाअंती असे आढळले आहे की ही एकेचाळीस खाती एकाच व्यक्तीची आहेत. या व्यक्तीने स्वतःलाच मते दिली. खाती कायमची बंद. तक्रार स्वीकारली जाणार नाही.' खाली नाव नाही, सही नाही. नुसतं 'व्यवस्थापन'. आमच्याकडे कोंबडं चोरणारासुद्धा पकडला गेला की नाव सांगतो.

ठीक आहे. मी त्या एका व्यक्तीचा एकेचाळिसावा हिस्सा बोलतोय. देन्सियो रेबुस्तियो, बागतांग, आल्बाय प्रांत. ट्रायसिकल चालवतो, मोटरसायकलला डबा जोडलेली भाड्याची रिक्षा. शाळा मी लवकर सोडली. लिहायला शिकलो ते तुमच्याच दोरीवर लोकांनी टांगलेलं वाचून वाचून. तेव्हा माझी भाषा कुठे टोचली तर शिकवणाऱ्याला दोष द्या. आणि हे मी दुसऱ्यांच्या साइटवर लिहितोय, कारण आमची दोरी तुम्ही कापलीत.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साइटचं नाव सांपायान. सांपायान म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. नाव ज्याने ठेवलं त्याला मी मानतो. तो तुमच्यातला नसणार. इंटरनेटवर काही चांगलं सापडलं की त्याची लिंक आणून दोरीवर घालायची. ज्याला आवडेल त्याने तिला एक चिमटा लावायचा. जास्त चिमटे, जास्त वर. कुणी गाणं घालायचं, कुणी भांडण, कुणी स्वतःच लिहिलेलं पान. अख्ख्या देशाचे कपडे एका दोरीवर. आम्हीही आमचे घेऊन गेलो वाळत घालायला, आणि तुम्ही आम्हालाच वाळीत टाकलंत.

आता तुमचा तपास बघू.

पहिला पुरावा: सगळे चिमटे एकाच ठिकाणाहून आले. येणारच! बागतांगात कॉम्प्युटरचं दुकान एक, त्यात येणारी तार एक. दुकान मानोय पिस्तोचं. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानोय म्हणतात आणि मोठ्या बाईला मानाय, मग ती सख्खी असो की सात घरं पलीकडची. पिस्तोकडे सहा कॉम्प्युटर. त्यातला एक सदा आजारी. एका खुर्चीवर एक जण बसतो, मागे चौघं उभे राहून 'अरे खाली जा, खाली जा, आता वर' करतात. जत्रेतल्या पाळण्यासाठी रांग लागावी तशी दुपारची रांग. आम्ही प्रत्येकाने घरी वेगळी तार घ्यावी असं तुम्हाला वाटत असेल तर या, खांब तुम्ही रोवा. मागचे वादळाने नेले.

दुसरा पुरावा: सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराची. फार पूर्वी एका स्पॅनिश साहेबाने आडनावांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पानं फाडून गावागावाला वाटली. बागतांगच्या वाट्याला 'र'चं पान आलं. रेबुस्तियो, रेफ्रान, रेयेवे, रोपेरोस, रिकाफ्रेन्ते. शाळेत हजेरी चालू असली की मास्तर नावं घेताहेत की घसा साफ करताहेत, बाहेरच्याला कळत नसे. त्या साहेबाची तक्रार कुठे करायची ते सांगा. तिथेही 'स्वीकारली जाणार नाही' असेलच.

तिसरा पुरावा तुम्हाला सगळ्यांत भारी वाटला असणार. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांचा जन्म सोळा ऑगस्टचा, साल एकच. हे मात्र पिस्तोचं काम. खाती त्यानेच उघडून दिली. दुकान गच्च भरलेलं, समोर मानाय रोपेरोस बसलेली, आणि स्क्रीन विचारतेय जन्मतारीख. आता चारचौघांत बाईला जन्मसाल विचारायचं कसं? पिस्तोला याच गावात राहायचं होतं. त्याने टाकली सोळा ऑगस्ट, सान रोके या आमच्या गावच्या संताच्या सणाचा दिवस, आणि साल टाकलं दुकान उघडलं त्याच्या वीस वर्षं आधीचं. मानाय रोपेरोस स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगदी बरोबर." तिच्या नातवाला दाढी आहे. मग एकीला विशीची केल्यावर बाकीच्यांना म्हातारं कसं ठेवणार? झाली सगळी एका दिवशी जन्मलेली.

आणि चौथा: आम्ही एकमेकांच्या सगळ्या लिंकांना चिमटे लावतो. हो, लावतो. आमच्याकडे जेवणाऱ्यासमोरून कुणी गेलं तर जेवणारा म्हणतो, "या जेवायला." जाणारा म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या." ताटात माशाचं नुसतं शेपूट असलं तरी बोलवायचं, आणि पोटात कावळे ओरडत असले तरी नको म्हणायचं. तोंड न उघडता जो पुढे जातो त्याच्या घरी मयताला खांदा द्यायलाही लोक उशिरा जातात. मग शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने तुमच्या डोळ्यांदेखत दोरीवर काही घातलं, तर चिमटा न लावता उठायचं कसं? पिस्तो कोंबड्यांच्या औषधांची पानं घालायचा. मला कोंबड्यांचा तिटकारा आहे. लावले चिमटे. रिकाफ्रेन्ते बाई शाळेत शिकवतात, त्यांनी ग्रहणावरचं असं एक पान घातलं की वाचता वाचता माझ्याच डोळ्यांपुढे ग्रहण लागलं. लावला चिमटा. तुम्ही याला कट म्हणता. आम्ही याला शेजार म्हणतो.

इथपर्यंतचं मी सोडून दिलं असतं. खरंच. खाती गेली तर गेली. पण तुमच्या त्या एका व्यक्तीत माझ्या दोन मावश्या आहेत, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

थोरली तिया कोन्सिंग, तिया म्हणजे मावशी. पिस्तोच्या दुकानाला लागून तिची खानावळ. धाकटी तिया तिबा, शिवणकाम करते. सणाला सान रोकेच्या मूर्तीच्या अंगावर जो मखमली झगा चढतो तो तिच्या हातचा. दोघींची घरं एका भिंतीची, परसात कपड्यांची दोरीही एकच, आईच्या वेळची. न बोलण्याच्या काळात त्या दोरीची वाटणी झाली होती: सकाळ तिबाची, दुपारनंतर कोन्सिंगची. मध्ये ऊन कलायच्या सुमाराला दोरी थोडा वेळ मोकळी असायची. तेव्हा तिच्यावर चिमण्या बसायच्या, त्यांनाही तेवढीच सवड.

भांडण कशावरून? कुत्र्यावरून. हसू नका, हसण्यावरूनच झालं.

सान रोकेच्या पायाशी कुत्रा असतो, तोंडात पाव धरलेला. संत रानात आजारी पडला तेव्हा त्या कुत्र्याने पाव आणून आणून त्याला जगवला. मोठ्या वादळात चर्चचं छप्पर उडालं. लोकांनी मूर्ती खांबाला बांधून वाचवली, पण कुत्रा पाण्याने नेला. तिया कोन्सिंगने स्वतःच्या कमाईतून नवा कुत्रा करायला दिला, दूरच्या एका सुताराकडे. सणाच्या दिवशी कुत्रा कापडाखाली झाकून आला. पाद्रींनी कापड ओढलं. सगळं चर्च गप्प. सुताराने कुत्रा कधी पाहिला नसावा, किंवा पाहिला असेल तो फार खाल्लेला. आणि त्या शांततेत तिया तिबा बोलली, "अगं बाई! याच्या तोंडातला पाव काढून सफरचंद द्या, म्हणजे सणाच्या डुकरासारखा अख्खा भाजून पाहुण्यांना वाढता येईल."

चर्चचं उरलेलं छप्परही उडालं त्या हसण्याने. पाद्री बाहीत तोंड खुपसून हसले. एक तिया कोन्सिंग सोडून सगळे हसले.

त्या दिवसापासून तांपो. तुम्ही शहरातले लोक याला रुसवा म्हणाल. रुसवा दूध उतू जाण्यासारखा, वर येतो आणि बसतो. तांपो लोणच्यासारखा मुरतो. त्याचे नियम आहेत. रुसलेल्याने का रुसलो ते सांगायचं नाही. दुसऱ्याने ते ओळखायचं, आणि त्याचं नावही न घेता समजूत काढायची. तिया तिबा स्वभावाने कात्री. समजूत काढणं तिला जमेना. मग तिलाच राग यायला लागला की ही अजून रुसलेलीच कशी. तिने थोरलीला 'मानाय' म्हणायचं सोडलं. 'ती खानावळवाली' म्हणू लागली. कोन्सिंग तिला 'ती सुईवाली' म्हणायची. मधे निरोप्या मी. "देन्सियो, खानावळवालीला सांग, तिची मांजर माझ्या मखमलीवर झोपते." "देन्सियो, सुईवालीला सांग, मांजराला मऊ जागा कळते, माणसांची मऊ जागा कळायला अक्कल लागते."

अशी वर्षं गेली. मग आली तुमची दोरी. दोघींची खाती पिस्तोने उघडली, दोघींना एकाच दिवशी जन्माला घातलं. दोघी दुपारी यायच्या, पाठीला पाठ लावून बसायच्या. अख्खं गाव एकमेकांना चिमटे लावायचं, फक्त या दोघी एकमेकींना लावत नव्हत्या. तुमच्या तपासात एवढं एक दिसलं नाही? त्या एका व्यक्तीचं डावं अंग उजव्या अंगाशी बोलत नव्हतं!

या वर्षी सण जवळ आला आणि तिया तिबाने एक पान लिहून दोरीवर घातलं. वर त्या कुत्र्याचा फोटो, जवळून काढलेला. खाली तीन वाक्यं: 'हा आमच्या सान रोकेचा कुत्रा. नीट पाहिलं तर कुत्राच आहे. कान विशेष सुंदर.'

संपलं. माफीचा शब्द नाही. पण बागतांगात ज्याला वाचता येत होतं त्याला कळलं, आणि ज्याला येत नव्हतं त्याला तासाभरात. दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेकाने येऊन चिमटा लावला. तिबा तिच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसलेली, समोरच्या स्क्रीनवर मखमलीची चित्रं बघत होती. एकच चित्र. दुसरं काही ती उघडतच नव्हती.

जेवणाची गर्दी ओसरली आणि तिया कोन्सिंग आली. नसलेल्या पदराला पुसावे तसे कंबरेच्या फडक्याला हात पुसत. बसली. दोरी उघडली. कुत्रा स्क्रीनभर पसरला.

आता आम्ही काय केलं ते ऐका, कारण सगळं त्यावरच अडलंय. आम्ही नजर वळवली. सगळ्यांनी. तांपो सुटत असताना बघायचं नसतं. बघितलं की माणूस ओशाळतो आणि गाठ पुन्हा बसते. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आईच्या दुधातून येतं. पिस्तोने पंख्याचा स्क्रू पिळायला घेतला, जो कधीच ढिला नव्हता. रिकाफ्रेन्ते बाईंनी नखं तपासली. मी भिंतीवरची पाल बघितली. तिला शेपूट नव्हतं, म्हणून मला ती अजून आठवते.  मग माऊसचा आवाज झाला. टक.

तिया कोन्सिंग उठली, हवेला म्हणाली, "भात करपेल," आणि गेली.

 त्या संध्याकाळी तिबाच्या घरातून शिलाई मशीनच्या आवाजात गाणं मिसळलेलं ऐकू येत होतं, आणि तिचा गळा फाटक्या पत्र्यासारखा असूनही एकाही शेजाऱ्याने खिडकी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ट्रायसिकलसमोर उभी.

"देन्सियो. तिने चिमटा काढला."

"कुठे? दंडाला?"

"मेल्या, लावलेला चिमटा काढून घेतला! तिनेच नाही, सगळ्यांनी! जा बघ, माझ्या पानाला एक चिमटा उरलाय, तो माझा मीच लावलेला!"

मी जाऊन बघितलं. खरं होतं. आदल्या दिवशी चिमट्यांनी वाकलेलं पान, आता एका चिमट्यावर लोंबकळत होतं. आम्हाला काय माहीत, तुमच्या यंत्राने ठरवलंय की एका तारेतून येणारा चिमटा एकच धरायचा? लाल अक्षरं तोवर आली नव्हती. तुम्ही आधी चोरी केलीत आणि चोर कोण ते मागाहून जाहीर केलंत.

तिबाने हिशेब मांडला. गाव कुणाकडे जेवतं? खानावळवालीकडे. गावाला एका शब्दात फिरवू शकतं कोण? खानावळवाली. म्हणजे तिने सर्वांसमोर चिमटा लावला, मला गाणं गायला लावलं, आणि रात्रीतून सगळ्यांना सांगून काढून घेतला. हसण्याची परतफेड हसण्याने.

"तिया, असं कुणी करत नाही," मी म्हटलं.

"तू पण काढलास?"

"मी कशाला काढू?"

"मग कुठाय तुझा?"

मी ट्रायसिकलला किक मारली.

त्या दिवशी तिबाने दुपारी कपडे वाळत घातले. ऊन कलल्यावर, कोन्सिंगच्या वेळेत, आईच्या दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावाला कळलं, युद्ध पेटलं. झग्याचं काम तिने थांबवलं. सान रोकेला एकच बाही होती आणि सण दारात.

मी खानावळीत गेलो. तिया कोन्सिंग मिरच्या चिरत होती. आमच्याकडे लाइंग करतात, वाळवलेल्या अळूची पानं नारळाच्या दुधात, आणि तिच्या लाइंगमधल्या मिरच्या मोजायच्या नसतात, सोसायच्या असतात. तिबाला ते लाइंग लहानपणापासून जीव की प्राण. वर्षानुवर्षं ती ते भिंतीपलीकडून नुसतं हुंगत होती.

"तिया, तुम्ही चिमटा काढलात?"

"मी काही काढलं नाही."

"म्हणजे लावला होता?"

"जेवणारेस का?"

"तिया, नीट सांगा ना. ती म्हणते—"

"तिला जे म्हणायचं ते म्हणू दे. माझी दोरी तिने भरली, आता माझे कपडे मी डोक्यावर वाळवीन." आणि सुरी अशी चालली की मी ताट न घेता उठलो. मला शिंका येत होत्या. रडतोय असं समजून तिने मागून एक केळं दिलं.

म्हणजे बघा. तिच्यावर आळ आला, म्हणून ती पुन्हा रुसली. रुसली, म्हणून सांगेना. सांगेना, म्हणून तिबाचा आळ पक्का झाला. हे चक्र तुमच्या एका बटणाने फिरवलं.

मग आली तुमची लाल अक्षरं.

पिस्तोने ती मोठ्याने वाचली. दुकान भरलेलं होतं, दोघी मावश्या आपापल्या खुर्चीत, पाठीला पाठ. 'ही एकेचाळीस खाती एकाच व्यक्तीची आहेत.' पिस्तो थांबला. परत वाचलं. मग खालची यादी वाचली, तुम्हीच दिलेली, आणि त्या यादीत शेजारी शेजारी दोन नावं: कोन्सोर्सिया रेयेवे, प्रिमितिवा रेयेवे.

दोन खुर्च्या एकदम गर्रकन फिरल्या.

"म्हणजे मी आणि ही?" दोघी एका सुरात.

"एकच व्यक्ती, असं म्हणतात," पिस्तो म्हणाला आणि पंख्याच्या मागे सरकला.

"या सुईच्या टोकाशी मला एक धरलं?"

"आणि मला या पातेल्याशी?"

"माझ्या लाइंगला हात लावायची लायकी नाही हिची!"

"लाइंग! मिरच्यांचं पोतं उलटं केलं की झालं लाइंग?"

"इतकी वर्षं भिंतीला नाक लावून हुंगतेस ते काय मग? भिंतीचा चुना?"

"निदान मी नाक लावते! तू तर एकदाही तोंड दाखवलं नाहीस, माझं पोर न्यूमोनियाने आजारी होतं तेव्हा—"

"तेव्हा पेज कोण ठेवत होतं दाराशी? सान रोकेचा कुत्रा?"

तिबाचं तोंड उघडं राहिलं. "मला वाटलं, रिकाफ्रेन्ते बाई."

"मला अंडंसुद्धा उकडता येत नाही हो," रिकाफ्रेन्ते बाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

मी तुम्हाला सांगतो, मी जन्मात असं सुंदर भांडण ऐकलेलं नाही. इतक्या वर्षांचा साठा. दोघी समोरासमोर उभ्या, हातवारे करत, एकमेकींच्या तोंडावर, मधे निरोप्या नाही. लोकांनी यावेळी नजर वळवली नाही. भांडण बघायला आमच्याकडे बंदी नाही.

शेवटी कोन्सिंग म्हणाली, "आपलं नंतर. आधी या लाल शाईवाल्यांना बघते." आणि खुर्ची ओढून तुम्हाला लिहायला बसली. ती एका बोटाने टाइप करते. अक्षर शोधायचं, सापडलं की त्याच्याकडे रागाने बघायचं, मग मारायचं. 'महोदय' लिहून होईतो दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिबा मागे उभी राहून तडफडत होती. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"मानाय, सरक गं तिकडे, तुझी एक ओळ होईतो सण होऊन जाईल."

मानाय.

पिस्तोचा पंखा तेवढा फिरत होता. तिबाला स्वतःलाही उशिरा कळलं की आपण काय म्हटलं. तिचे कान लाल झाले. कोन्सिंगने मान वळवली नाही. नुसती सरकली. एका खुर्चीवर दोघी, अर्धी अर्धी, एक खालून शिव्या सांगतेय आणि दुसरी वरून टाइप करतेय. तुम्हाला पोचलेलं ते पत्र तेच. 'तुम्हाला आम्ही एक दिसत असू तर तुमचे डोळे आमच्या सुताराकडून करवून घेतलेले असावेत' हे वाक्य कोन्सिंगचं. विरामचिन्हं तिबाची.

त्यावर तुमचं उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग झालं की गोड. हो, बरंचसं झालं. सान रोकेला दुसरी बाही आली. दोरीवर आता दोघींचे कपडे एकत्र असतात, आणि कुणाचा परकर कुणाचा यावरून रोज नवं भांडण, सकाळच्या पान दे साल पावाइतकं ताजं. पत्र धाडलं त्याच संध्याकाळी तिबा खानावळीत येऊन बसलीसुद्धा. कोन्सिंगने भात वाढला, मासा वाढला, मग लाइंगचं भांडं आणून मधोमध ठेवलं.

"घे," म्हणाली.

तिबाने भांड्याकडे बघितलं.  पण हात पुढे आला नाही.

"आधी सांग. त्या दिवशी तू चिमटा लावला होतास का?"

कोन्सिंगने भुवया उडवल्या.

आमच्याकडे भुवया उडवल्या म्हणजे हो. लग्नं ठरतात भुवयांवर.

"भुवया नकोत," तिबा म्हणाली. "भुवया तू डास हाकलतानाही उडवतेस. तोंडाने सांग."

"तू तिथेच होतीस ना? डोळे नव्हते तुला?"

"पाठ होती माझी!"

"मग यांना विचार." कोन्सिंगने ओठांचा चंबू करून आमच्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "दुकान भरलेलं होतं."

तिबा वळली. "पिस्तो?"

"मी... पंखा दुरुस्त करत होतो."

"बाई?"

"माझी नखं..."

"देन्सियो?"

मी काय सांगू? पाल? मी आवाज ऐकला, हे खरं. टक. पण माऊसची टक चिमटा लावतानाही तशीच आणि पान बंद करतानाही तशीच. शपथेवर मी एवढंच सांगू शकतो की त्या पालीला शेपूट नव्हतं. एवढी माणसं, आणि साक्षीदार एक नाही, कारण आम्ही रीत पाळली. आणि कोन्सिंग तोंडाने सांगणार नाही, कारण एकदा हाताने सांगितलेलं तोंडाने पुन्हा सांगायचं म्हणजे भीक मागणं, असं तिचं म्हणणं. तिबा विश्वास ठेवते की नाही? माझ्या मते ठेवते. पण कुत्र्याचे कान सुंदर आहेत असं अख्ख्या देशासमोर खोटं लिहायला तिला किती जड गेलं असेल याचा विचार करा. त्याची पोच तिला हवी. लेखी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी लाइंगचं भांडं मधोमध येतं. रोज "घे". रोज "होऊ द्या, होऊ द्या". सख्ख्या बहिणीला, परक्यासारखं! आणि भांडं तसंच परत जातं. उरलेलं मला खावं लागतं. माझ्या पोटाची काय अवस्था आहे ती या पत्रात लिहिण्यासारखी नाही.

म्हणून विचारतो. खाती परत देऊ नका. माफीही नको, तुमच्या माफीला इथे कोण चिमटा लावणार? पिस्तो आणि रिकाफ्रेन्ते बाई मिळून गावाची स्वतःची दोरी बांधताहेत, त्यात जन्मतारीख विचारायचीच नाही असं ठरलंय. आम्हाला फक्त तुमच्या यंत्राच्या पोटात पडलेली एक गोष्ट हवी आहे. तुम्हाला एकेचाळीस माणसांत एक माणूस दिसला. मग एका चिमट्यामागचं एक बोट दिसणार नाही? त्या दुपारी, कुत्र्याच्या पानावर, कोन्सोर्सिया रेयेवेच्या खात्यावरून चिमटा लागला होता की नव्हता? आणि लागला होता तर तो काढला कुणी, तिने की तुम्ही?

सण सोळा ऑगस्टला आहे. त्याच्या आत सांगा. आणि लिहून सांगा, खाली नाव घालून. तुम्ही तिकडे बसून भुवया उडवल्यात तर त्या बागतांगहून दिसत नाहीत. हो की नाही?